वाचकांचे प्रश्न : जुन्या फोर बाय फोरचं पाणी जातं कुठे?

होळी झाली की खानदेशातून येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते, ती म्हणजे ‘गाडी पाणी पिते’. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की हिवाळाभर दबून राहिलेला दोष उघडा पडतो. त्यामुळे या वेळी फक्त जुन्या फोर बाय फोर (चारही चाकांना जोर मिळणाऱ्या) गाड्यांच्या कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याचे, प्रश्न घेतले आहेत. सगळ्यांनाच एक विनंती. पाणी किती जातं हे अंदाजाने सांगू नका, मापाने सांगा. रोज सकाळी गाडी त्याच सपाट जागी आणि इंजिन थंड असताना पातळी बघा. मापाच्या मगाने पाणी भरा आणि किती मिलिलिटर लागलं, आदल्या दिवशी किती किलोमीटर आणि कोणत्या रस्त्याने गाडी चालली, हे लिहून ठेवा. आठवडाभराची अशी नोंद असली की निम्मं निदान गॅरेजला जाण्याआधीच होतं.

प्रश्न : माझ्याकडे पेजो डिझेल इंजिनाची जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे. तीन-चार दिवसांनी रेडिएटरमध्ये अर्धा लिटरभर पाणी टाकावं लागतं. गाडीखाली थेंब दिसत नाही. तोरणमाळचा घाट चढून आलं की जास्त जातं. मिस्त्री म्हणतात, हेड उतरवावं लागेल. उतरवू का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : इतक्यात नको. हेड (सिलिंडर वरून झाकणारा इंजिनाचा भाग) उतरवणं ही शेवटची पायरी आहे आणि तुमच्या पत्रात हेडकडे बोट दाखवणारं पक्कं लक्षण एकही नाही.

आधी पाणी भरण्याची पद्धत तपासा. तुमच्यासारख्या बऱ्याच जुन्या जीपना रिझर्व्ह बॉटल नसते. कॅपखालच्या (रेडिएटरच्या झाकणाखालच्या) बारीक नळीतून जास्तीचं पाणी सरळ जमिनीवर जातं. पाणी २५ अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापलं की तीन ते साडेतीन टक्के फुगतं, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं जास्त. सिस्टीममध्ये १० लिटर पाणी असेल तर फुगायला ३०० ते ४०० मिलिलिटरची जागा लागते. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला की ही जागाच उरत नाही, म्हणून तेवढं पाणी पहिल्याच फेरीत बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, आपण पुन्हा तोंडोतोंड भरतो, ते पुन्हा बाहेर पडतं. ही गळती नाही. रेडिएटरच्या नळ्या बुडतील आणि वर दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहील इतकंच पाणी भरा आणि चार दिवस नुसती पातळी बघा, वरून काही टाकू नका. मात्र तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला किंवा नळ्या उघड्या पडल्या तर तिथेच थांबा.

त्याच वेळी या बारीक, ओव्हरफ्लोच्या नळीखाली एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली तारेने बांधा. याला पैसे लागत नाहीत आणि प्रश्नाचे सरळ दोन भाग पडतात. बाटलीत पाणी जमलं तर ते कॅपवाटे जातंय. बाटली कोरडी आणि पातळी खाली, तर ते दुसरीकडून जातंय.

कॅपवाटे जात असेल तर कॅपकडे नीट लक्ष द्या. तिच्यात दोन झडपा असतात. मोठी झडप ठरलेल्या दाबापर्यंत पाणी अडवून धरते. मधली लहान झडप इंजिन थंड होताना हवा किंवा बाटलीतलं पाणी आत घेते. मोठ्या झडपेचं रबर कडक झालं, त्यावर भेग पडली किंवा रेडिएटरच्या गळ्याच्या काठावर क्षार बसले की दाब धरलाच जात नाही. त्याचा परिणाम काय होतो तो बघा. ७ पीएसआय (हे दाबाचं माप) दाबाखाली साधं पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं, १३ पीएसआयखाली ११९ च्या आसपास. दाबच नसेल तर १०० अंशांना उकळतं आणि तोरणमाळला, सुमारे ११५० मीटर उंचीवर, ९६ अंशांनाच. घाटात जास्त पाणी जाण्याचं हे सगळ्यांत साधं कारण आहे. नवी कॅप घ्या, पण जुन्या कॅपवर कोरलेला आकडा बघूनच. जास्त दाबाची कॅप लावली की जुन्या पितळी रेडिएटरचा डाग (झाळलेला जोड) सुटतो.

बाटली कोरडी राहिली तर पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, टॉर्च आणि एक लहान आरसा घेऊन बघायला बसा. बारीक गळती चालत्या गाडीत तापलेल्या लोखंडावर पडून वाळून जाते, म्हणून जमिनीवर थेंब दिसत नाही. राहतो तो डाग, कूलंट असेल तर हिरवट किंवा गुलाबी आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरा, खरखरीत. तो या ठिकाणी शोधा: वॉटर पंपाच्या पोटाशी असलेलं बारीक भोक (आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं, म्हणून ते बुजवायचं नसतं), दोन्ही मोठ्या होज पाइपांची टोकं, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराचा जोड, रेडिएटरच्या वरच्या टाकीची शिवण, इंजिनाच्या ब्लॉकवरचे कोर प्लग (भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या टोप्या). एक्झॉस्ट मॅनिफोल्डमागे आणि स्टार्टरमागे असलेले कोर प्लग आरशाशिवाय दिसतच नाहीत. ब्लॉकच्या पाठीमागचा प्लग गळत असेल तर पाणी क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून पडतं आणि मिस्त्री भलतीकडेच शोधत बसतो. इंजिनाखाली लोखंडी गार्ड प्लेट असेल तर ती काढा, नाहीतर तिच्यावर रात्रभर पुठ्ठा अंथरून ठेवा. पाणी प्लेटवर सांडतं, चिखलात मुरतं आणि खाली काहीच येत नाही.

थंडीतली एक गोष्ट लक्षात असू द्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा पडतो तेव्हा जुन्या होज पाइपचं रबर आकसतं, क्लिप सैल पडते आणि इंजिन थंड असेपर्यंत पाणी झिरपतं. गाडी तापली की रबर फुगून गळती बंद होते. दुपारी तपासलं तर काही सापडणार नाही.

तरीही सापडलं नाही तर दाबाची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर कॅपच्या जागी बसणारा, मीटर असलेला हातपंप लागतो आणि तालुक्याच्या ठिकाणी तो एखाद्या गॅरेजमध्ये मिळतोच. कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरा, त्याहून जास्त नको. कॉम्प्रेसरचा पाइप तर कधीच लावू देऊ नका. १५ मिनिटं काटा जागच्या जागी राहिला पाहिजे. एकदा थंड इंजिनावर बघा, एकदा तापलेलं इंजिन बंद करून. त्या दुसऱ्या वेळी तास-पाऊण तास थांबून, कॅपवर जाड ओला कपडा टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा आणि दाब निघून गेल्यावर काढा. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर जागा सापडली. काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडंठाक, तर मात्र पाणी आत जातंय. हेडबद्दल बोलण्याची वेळ तेव्हाची, आणि ते पुढच्या प्रश्नात आहे.

जाता जाता, रिझर्व्ह बॉटल जरूर बसवा. बॉटल रेडिएटरच्या तोंडापेक्षा खाली असावी, नळी तिच्या तळापर्यंत पोचावी आणि कॅप दुहेरी सीलची घ्यावी, म्हणजे वरच्या झाकणाखालीही रबर असलेली. साध्या कॅपवर बॉटल लावली तर थंड होताना वरून हवा ओढली जाते आणि पाणी बॉटलमध्येच राहतं.

प्रश्न : स्कॉर्पिओ फोर बाय फोर, कॉमन रेल इंजिन. बाहेर कुठेही गळती नाही, दाबाची चाचणी झाली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की दोन मिनिटांत वरचा होज पाइप इतका कडक होतो की हाताने दाबता येत नाही. कूलंटच्या बॉटलमध्ये बुडबुडे येतात. ऑइल मात्र स्वच्छ आहे, त्यामुळे गॅस्केट ठीक आहे असं सांगतात.
— एक केळी बागायतदार, रावेर तालुका

उत्तर : ऑइल स्वच्छ आहे यावरून गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) चांगलं ठरत नाही. डिझेल इंजिनात सिलिंडरमधला दाब प्रचंड असतो. गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्या मध्ये गेलं की आधी जळालेला वायू पाण्यात शिरतो. ऑइलची वाट शेजारी नसेल तर ऑइल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. उलट, ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरवली तरी तिथे ओल धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधट झालं असेल तर गोष्ट वेगळी.

तुमचं लक्षण मात्र खरंच बोलकं आहे. दोन मिनिटांत कूलंट तापलेलं नसतं, मग दाब आला कुठून? बहुधा सिलिंडरमधून. तरी खात्री करून घ्या. नुकतंच कूलंट बदललं असेल तर अडकलेली हवाही बुडबुडे देते. ती दोन-तीनदा गाडी तापून थंड झाली की संपते, वायूचे बुडबुडे थांबत नाहीत. बॉटलच्या आत काजळीचा काळपट थर आणि धुराचा वास असेल तर संशय आणखी पक्का होतो.

पहिली चाचणी निळ्या द्रवाची. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळीत निळा द्रव भरून ती बॉटलच्या तोंडावर बसवतात आणि रबरी फुग्याने वरची हवा त्या द्रवातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळ्याकडे झुकतो. डिझेल गाडी नुसती उभी ठेवली तर वायू कमी निघतो आणि रंग बदलायला वेळ लागतो, म्हणून इंजिन तापू द्या, थोडी रेस द्या आणि पाच मिनिटं तरी चाचणी चालू ठेवा. कूलंट त्या नळीत शिरता कामा नये, आधी पातळी थोडी खाली घ्या.

दुसरी चाचणी रात्रभराची. संध्याकाळी हातपंपाने कॅपच्या आकड्याइतका दाब भरून गाडी तशीच ठेवा. सकाळी स्टार्टर मारण्याआधी चारही ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे) काढा, भोकांवर कपडा धरा, डिझेलचा पुरवठा बंद करा आणि मग इंजिन फिरवा. ज्या भोकातून कूलंटचे शिंतोडे उडतील तो सिलिंडर दोषी. ग्लो प्लग न काढता स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी साठलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांची गाडी सकाळी पहिल्या फेऱ्याला अडखळते आणि मग पांढरा धूर सोडत सुरू होते, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग) असेल तर तोही वगळून बघा. त्यात एक्झॉस्टचा वायू आणि कूलंट शेजारी-शेजारी वाहतात. आतली नळी फुटली की कूलंट सायलेन्सरवाटे वाफ होऊन जातं, बाहेर थेंब नाही आणि ऑइलही स्वच्छ. कूलरचे दोन्ही कूलंट पाइप एकमेकांना जोडून तो बाजूला काढा आणि काही दिवस मापाने पातळी बघा. किंवा काढून, एक बाजू बंद करून, पाण्याच्या टबात बुडवून एक बार हवा द्या. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत ही तपासणी न करता हेड उतरवणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

आणि हेड उतरलंच तर काम अर्धवट करू देऊ नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच बोल्ट सोडायचे, दोन्ही टोकांकडून मधल्याकडे, थोडेथोडे. हेडवर सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि तिरकी ठेवून खालून फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) घालून बघा. ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक बहुतेक ठिकाणी चालतो आणि ०.१० च्या वर सहसा चालत नाही, पण शेवटचा शब्द तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. हेड फेस करून (तळ घासून सपाट करून) आणलं एवढ्यावर समाधान मानू नका. व्हॉल्व्हच्या दोन सीटांमध्ये बारीक चीर असू शकते. गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने हेड तपासून मागा. जळगाव-धुळ्याच्या चांगल्या मशीन शॉपमध्ये हे होतं. गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायलने मोजून ठरते, जुन्या गॅस्केटवरच्या खाचा किंवा भोकं मोजूनही ती जुळवता येते. दुकानात हातात आलं ते लावलं असं करू नका. बोल्टची भोकं ब्लॉकमध्ये बहुधा तळाशी बंद असतात. त्यांत ऑइल किंवा पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला तर ब्लॉकच तडकतो. म्हणून प्रत्येक भोक कापडाने आणि हवेने कोरडं करून घ्या. अंशात फिरवून आवळायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवे घ्या.

गॅस्केट सहसा आपणहून जात नाही, कुठेतरी गाडी आधी तापलेली असते. रेडिएटर, वॉटर पंप, कॅप आणि फॅन यांतलं मूळ कारण त्याच खेपेला काढलं नाही तर नवं गॅस्केटही एका उन्हाळ्याचं.

प्रश्न : रस्त्यात रेडिएटर गळायला लागला तेव्हा ढाब्यावर एका ट्रक ड्रायव्हरने हळद टाकायला सांगितली. गळती थांबली. आता हळदीवरच गाडी चालू ठेवावी का? आमच्याकडे बोअरचं पाणी वापरतो.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : हळदीने टाचणीएवढं भोक बुजतं हे खरं आहे आणि घर गाठण्यापुरता हा उपाय चालतो. पण हळद फक्त भोकाशी जाऊन बसत नाही. पाण्याचा वेग कमी असलेल्या प्रत्येक अरुंद नळीत ती साचते, हीटरच्या कोअरमध्ये (आत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) सगळ्यांत आधी, आणि कॅपच्या झडपेवरही. बाजारातल्या लीक बंद करणाऱ्या पावडरींचंही असंच आहे. घरी पोचल्यावर ती काढायची असते, हे कोणी सांगत नाही.

तुमचा खरा प्रश्न बोअरच्या पाण्याचा आहे. तुमच्या भागात ठिबकच्या नळ्यांची तोंडं क्षाराने कशी बुजतात आणि त्यांना ॲसिड का द्यावं लागतं, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. रेडिएटरच्या नळ्यांत तेच घडतं, फरक एवढाच की इथे पाणी रोज तापतं आणि क्षार अधिक वेगाने बसतात. सिलिंडरभोवतीच्या पोकळीत एक-दोन मिलिमीटर थर बसला तरी धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही. काट्यावर ठीक दिसतं आणि हेड आतून भाजत असतं. भरीला, वरचेवर पाणी टाकलं की दर खेपेला नवे क्षार आत जातात. म्हणजे गळती बंद करणं हाच क्षार थांबवण्याचा पहिला उपाय.

साफसफाई अशी करा. थंड इंजिनात रेडिएटरचा खालचा नळ आणि ब्लॉकच्या बाजूचा नळ, दोन्ही उघडा. ब्लॉकचा नळ बहुतेक वेळा क्षाराने बुजलेला असतो, तारेने टोचून मोकळा करा, नाहीतर दोन-तीन लिटर जुनं पाणी आतच राहतं. थर्मोस्टॅट काढून साध्या पाण्याने दोनदा धुवा. पितळी रेडिएटर असेल तर १० लिटर पाण्याला २०० ते २५० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून भरा, गाडी तापवून १५-२० मिनिटं चालू ठेवा, थंड झाल्यावर काढा आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला त्यासाठीच बनवलेला तयार फ्लश वापरा. एक इशारा: जुन्या रेडिएटरमध्ये कधीकधी क्षारानेच भोक बुजलेलं असतं, ते निघालं की गळती सुरू होते. तशी ती झाली तर तो फ्लशचा दोष समजू नका, रेडिएटर आधीच गेलेला होता. नळ्या फारच चोक असतील तर रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी डागातून उघडून नळ्यांत पट्टी फिरवून घ्यावी लागते.

नंतर भरायचं ते कूलंट. खानदेशात पाणी गोठायचा प्रश्न नाही, आपल्याला हवं आहे ते गंज रोखणारं रसायन आणि थोडा वाढलेला उत्कलनबिंदू. १० लिटरच्या सिस्टीमला ४ लिटर घट्ट कूलंट आणि ६ लिटर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी पुरे. ब्लॉकमध्ये धुतलेलं साधं पाणी थोडं उरतंच, म्हणून आधी चारही लिटर कूलंट भरा आणि वरचं अंतर पाण्याने. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. रंगावर जाऊ नका. हिरवं-हिरवं एकाच जातीचं असतंच असं नाही आणि दोन जाती मिसळल्या तर गाळ बनू शकतो. जुनं कोणतं ते माहीत नसेल तर पूर्ण धुऊनच नवं भरा.

प्रश्न : हायवेला गाडी १०० किलोमीटर पळवली तरी काटा हलत नाही. पण धडगावच्या बाजूला लो गिअरमध्ये चढावर अर्धा तास चाललं की काटा चढतो आणि बॉटलमधून पाणी उसळतं. गळती नाही.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : हायवेवर रेडिएटरला वारा आयता मिळतो. लो गिअरमध्ये वेग दहा-बारा किलोमीटर आणि इंजिनावर भार पूर्ण. मग सगळं फॅनवर येतं. म्हणून पाण्यापेक्षा आधी हवा तपासा.

बोनेट उघडून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि फटीत कापसाचे तंतू, कुसळं, वाळलेला चिखल यांची गादी बसलेली असते. कापसाच्या हंगामात शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीत हे नक्की असतं. धुताना इंजिनाच्या बाजूने समोरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार प्रेशरने जाळीचे पातळ पत्रे वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

मग फॅन. विस्कस फॅन (तापल्यावर आतल्या घट्ट द्रवामुळे जोर धरणारा) असेल तर गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून हाताने फिरवा. चांगल्या फॅनला जोर लागतो. सहज गरागरा फिरत असेल, किंवा मधल्या घराभोवती तेलकट पट्टा दिसत असेल, तर तो गेला. फॅनभोवतीचा प्लास्टिकचा शराउड जुन्या गाड्यांत काढून फेकलेला असतो. तो नसला की फॅन तीच हवा घोळवत राहतो. शराउड परत बसवल्याशिवाय पुढचा काही खर्च करू नका. बेल्ट ताणून बघा, दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर एक-सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त दबत असेल तर ढिला आहे.

चढावर काटा वर जायला लागला आणि पाणी अजून आहे, तर थांबा, एसी बंद करा, न्यूट्रलमध्ये रेस १२०० ते १५०० वर धरा आणि हीटर पूर्ण चालू करा. पंप गरम पाणी फिरवत राहतो आणि फॅन ते थंड करतो. पाइप फुटून पाणीच गेलं असेल तर मात्र इंजिन त्याच क्षणी बंद करा. कोरड्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की हेड तडकतं. तासभर थांबावं लागलं तरी थांबा.

प्रश्न : कन्नड घाटात काटा वर गेला आणि अचानक एकदम खाली, थंडवर आला. बरं वाटलं म्हणून पुढे चालवली आणि इंजिन जाम झालं. असं कसं?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा पडतो. चढावर काटा अचानक खाली येणं ही धोक्याची घंटा आहे, गाडी लगेच उभी करायची. हीटर चालू करूनही कळतं: काटा गरम दाखवतोय आणि हीटरची हवा गार येतेय, तर सिस्टीममध्ये पाणी उरलेलं नाही. जुन्या गाडीत हेडच्या धातूचं तापमान थेट मोजणारा वेगळा सेन्सर आणि बझर बसवून घ्यावा, पाणी नसलं तरी तो बोलतो.

प्रश्न : सफारीत ड्रायव्हरशेजारची चटई ओली होते. एसीचं पाणी आहे की कूलंट?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : बोटांत चोळून बघा. एसीचं पाणी साधं असतं, वास नाही, बुळबुळीतपणा नाही, आणि बहुधा निचऱ्याची नळी मातीने बुजलेली असते. बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल आणि पुढची काच आतून तेलकट धूसर होत असेल तर हीटरचा कोअर गळतोय. तो मिळेपर्यंत इंजिनाकडून कोअरला जाणारे दोन पाइप काढून एकमेकांना जोडून टाका. चाखून बघू नका, कूलंट विषारी आहे.

प्रश्न : उन्हाळ्यासाठी थर्मोस्टॅट काढून टाकला तर गाडी थंड राहते, असं गॅरेजमध्ये सांगतात. काढू का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : नको. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता तसाच परत इंजिनात फिरतो आणि भर उन्हात गाडी उलट जास्त तापते. थंडीत इंजिन गरम होत नाही, डिझेल जास्त जातं. शंका असेल तर थर्मोस्टॅट दोरीला बांधून पाण्याच्या पातेल्यात तळाला न टेकवता लटकवा आणि शेजारी थर्मामीटर धरा. त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, समजा ८२. त्याच्या दोन-तीन अंश आगेमागे तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण. बसवताना हवा सोडण्याचं बारीक भोक वरच्या बाजूला ठेवा.

प्रश्न : काढलेलं जुनं कूलंट बांधावर ओततो. चालतं का?
— एक वाचक, नवापूर

उत्तर : अजिबात नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रा, शेळी, वासरू ते आवडीने पितं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतं. काढताना खाली पसरट घमेलं ठेवा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर ठळक लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. सर्व्हिस सेंटर जुनं ऑइल घेतं तिथे विचारून देऊन टाका. अंगणात सांडलंच तर माती किंवा राख टाकून उचला आणि ती जागा भरपूर पाण्याने धुवा, पण धुतलेलं पाणी जनावरांच्या हाळाकडे किंवा विहिरीकडे वाहू देऊ नका. जनावर प्यायल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला पशुवैद्यकाला बोलवा आणि कूलंटचा डबा दाखवा.